कागदावरच्या भोकाची साक्ष

मार्कंड्याला वैनगंगा आपली दिशा बदलते. दक्षिणेकडे निघालेली ही नदी इथे काही अंतर उत्तरेला वळते. उत्तरवाहिनी नदी पुण्याची मानतात, म्हणून महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यातल्या या लहानशा गावी मोठी जत्रा भरते. नव्वदच्या दशकात मी चामोर्शीच्या शाखेत तीन वर्षे होतो. तेव्हापासून जमेल त्या वर्षी मी या जत्रेला जातो. गेल्या महाशिवरात्रीला नात सोबत होती. ती नागपूरला नववीत शिकते आणि वर्षभरापासून एका क्लबात एअर रायफल चालवते.

देवदर्शन झाले, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली कोरीव मंदिरे पाहून झाली, आणि पोरांच्या पायांना ओढणारा जत्रेचा भाग आला. फुग्यांचा फळा, समोर एअरगन, पाच नेम वीस रुपये. नातीने चार फुगे फोडले. पाचवा छर्रा फुग्याच्या बाजूने जाऊन मागच्या पुठ्ठ्यात घुसला. ती फळ्याजवळ गेली आणि पुठ्ठ्याकडे निरखून म्हणाली, "आबा, भोक बघा किती घाणेरडं पडलंय!"

दुकानदाराला ते लागले असावे. तो म्हणाला, "बाई, फुगा फुटला का नाही ते पाहा. भोकाले कोन पाहाते?"

त्याचे म्हणणे त्याच्या धंद्यापुरते बरोबर होते. फुगा फुटला की हिशेब संपला. पण नातीच्या खेळात हिशेब तिथूनच सुरू होतो. तिने दप्तराच्या कप्प्यात राहिलेली आपली छर्ऱ्यांची डबी काढली आणि माझ्या तळहातावर दोन छर्रे ठेवले, एक दुकानाचा, एक तिचा. दोन्ही साडेचार मिलिमीटरचे, दोन्ही शिशाचे. दोन्हींची कंबर डमरूसारखी बारीक आणि मागची बाजू पोकळ. फरक फक्त तोंडात होता. दुकानाच्या छर्ऱ्याचे तोंड बोरासारखे गोल होते. तिच्या छर्ऱ्याचे तोंड सुरीने कापल्यासारखे सपाट. दुकानदाराची परवानगी घेऊन तिने आपला एक छर्रा पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात मारला. या वेळी भोक पडले ते गोल आणि स्वच्छ कडांचे.

एवढ्याशा फरकातून मला जे सुचले ते या लेखात मांडतो आहे. विषय दिसायला बारीक आहे. पण ज्या जिल्ह्याने चार दशके गोळ्यांचा आवाज ऐकला, त्या जिल्ह्याच्या पुढच्या दिवसांशी त्याचा संबंध आहे असे मला वाटते.

टिकली आणि चांदणी

गोल तोंडाची गोळी कागदाला पहिल्यांदा एकाच बिंदूत भिडते. ती कागद कापत नाही, ढकलते. कागद ताणला जातो, त्या बिंदूपाशी फाटतो, चिरा चांदणीसारख्या चारी बाजूंना जातात आणि त्या वाटेने गोळी पलीकडे निघते. ती गेल्यावर ताणलेले तंतू पुन्हा थोडे मागे येतात. म्हणून गोल किंवा टोकदार गोळीचे भोक बहुधा गोळीपेक्षा लहान दिसते आणि त्याच्या कडा विस्कटलेल्या असतात. कागद उलटा करून पाहिला तर मागे फाटलेल्या पाकळ्या दिसतात.

सपाट तोंडाची गोळी मात्र आपल्या संपूर्ण कडेनिशी एकदम कागदावर आदळते. कागदाला ताणायला सवड मिळत नाही. तो त्या कडेवर कातरला जातो. एसटीचे कंडक्टर पूर्वी पंचने तिकिटाला भोक पाडत, ते आठवा. आमच्या बँकेत फायलींना भोके पाडायचे यंत्र असे. संध्याकाळी त्याच्या कागदी टिकल्या फरशीवर सांडल्या की झाडणारी बाई आमच्या नावाने बोटे मोडी. सपाट छर्रा हेच काम करतो. तो कागदाची एक टिकली काढून घेतो आणि आपल्या मापाचे भोक मागे ठेवतो.

यात कागदाचाही वाटा असतो. साधा मऊ कागद कशानेही फाटतो. नेमबाजीचा कागद मुद्दाम जाड आणि कडक केलेला असतो. पावसाळ्यात तो ओल धरतो तेव्हा कडा पुन्हा विस्कटू लागतात. वेगाचाही वाटा असतो. एअर रायफलचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा, त्याचा वेग सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास. या संथ वेगात तोंडाच्या आकाराचा परिणाम ठळक दिसतो.

आंतरराष्ट्रीय नियम एअर रायफलच्या छर्ऱ्याला अमुकच आकार असावा अशी सक्ती करत नाहीत. छर्रा मऊ धातूचा आणि साडेचार मिलिमीटरचा असला की झाले. तरीही जगभरचे स्पर्धक सपाट तोंडाचाच छर्रा वापरतात. कारण सरळ आहे. या खेळात गुण भोकाला मिळतात. भोक जितके खरे, तितका गुण खरा.

एक मिलिमीटरचा विश्वविक्रम

किती खरे, ते आकड्यांनी सांगतो. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला त्याशिवाय चैन पडत नाही.

दहा मीटर एअर रायफलच्या कागदावरचे दहा गुणांचे वर्तुळ म्हणजे वर्तुळ नाहीच. तो अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका आहे, पूर्णविरामाएवढा. छर्ऱ्याच्या भोकाची कड त्या ठिपक्याला शिवली की दहा गुण. पण आता दहावर थांबत नाहीत. केंद्राच्या जितके जवळ, तितके दशांशाने वर. सर्वांत वरचा गुण १०.९. दशांशाची एक पायरी म्हणजे पाव मिलिमीटर.

समजा, साडेचार मिलिमीटरच्या गोळीने विस्कटून चारच मिलिमीटरचे भोक पाडले. त्याची कड प्रत्येक बाजूने पाव मिलिमीटर आत आली, म्हणजे एक दशांश गेला. नेमबाजाचा हात हलला नाही, डोळा चुकला नाही, तरी गुण कमी. पंचाला फसवायचे नव्हते. कागदानेच त्याला अपुरी माहिती दिली.

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या तीन मुलांनी एअर रायफलचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील त्यांत होता; तो त्याआधी २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला होता. तिघांचे मिळून १८० नेम, एकूण १८९३.७ गुण आणि नवा विश्वविक्रम. आधीचा विक्रम चीनचा होता, १८९३.३. फरक ०.४ गुणांचा. पाव मिलिमीटरच्या हिशेबाने ही चार पायऱ्यांची चढण म्हणजे एकूण एक मिलिमीटर. १८० छर्ऱ्यांची सगळी बेरीज केल्यावर दोन देशांमध्ये उरले ते एवढेच अंतर.

मोठ्या स्पर्धांत आता कागद पाहून गुण देत नाहीत. लक्ष्याभोवती बसवलेले सूक्ष्म मायक्रोफोन किंवा प्रकाशाचे किरण छर्रा नेमका कुठून गेला ते टिपतात आणि गुण क्षणात पडद्यावर येतो. पण शाळा, लहान क्लब, तालुका आणि जिल्हा इथे कागद अजून आहेच. तिथे वाद पडला की पंच भोकात त्याच मापाची धातूची गेज बसवतो आणि तिची कड रेषेला टेकते का ते भिंगातून पाहतो. भोक स्वच्छ असेल तर गेज निमूट बसते. फाटलेले असेल तर ती घालतानाच भोक सरकायची भीती.

तीन तोंडे, तीन हेतू

मग सगळ्याच गोळ्या सपाट का करत नाहीत, असे नातीने त्या दिवशी विचारले. याचे उत्तर हवेत आहे. सपाट तोंडाला हवा अडते. गोळीचा वेग लवकर कमी होतो आणि लांबवर गेल्यावर ती डगमगू लागते. दहा मीटरवर हे चालते, पंचवीस मीटरच्या सेंटरफायर पिस्तुलातही सपाट गोळी चालते. पन्नास मीटरवर मात्र ती धोका देते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू येथे पन्नास मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांत ४५१.४ गुण घेऊन ऑलिम्पिकचे कांस्यपदक जिंकला. १९५२ च्या हेलसिंकीतल्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळाले ते बहात्तर वर्षांनी. त्याच्या पॉइंट टू टू रायफलची गोळी गोल तोंडाची असते, कारण तिला पन्नास मीटर जायचे असते. त्या अंतरावरचे दहाचे वर्तुळही मोठे, १०.४ मिलिमीटरचे. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर रायफलच्या प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, त्या याच जातीच्या गोळीने. पल्ला वाढला की तोंड गोल होते आणि कागदावरची साक्ष थोडी धूसर होते. हा सौदा आहे आणि तो उघड आहे.

रणांगणावर हा सौदा पार टोकाला गेला. १८९८ मध्ये फ्रान्सने, १९०५ मध्ये जर्मनीने आणि १९१० मध्ये ब्रिटिशांनी सैन्यासाठी टोकदार गोळी स्वीकारली. ती हवा कापत दूरवर जाते. तिने कागदावर कसे भोक पाडले याची तिच्या कारागिराला फिकीर नव्हती.

तिसरी जात आपल्याच देशात वाढली. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी अशी गोळी तयार केली की जिचे टोक उघडे ठेवलेले असे. शरीरात शिरल्यावर ते फुलाप्रमाणे उमलायचे आणि जखम मोठी करायचे. वायव्य सरहद्दीवर चाल करून येणारा माणूस साध्या गोळीने थांबत नाही, ही त्यांची तक्रार होती. १८९९ च्या हेग परिषदेने शरीरात पसरणाऱ्या अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असे ठरवले. दमदम हे एका गावाचे नाव जगभरच्या भाषांत गोळीचे नाव होऊन बसले.

म्हणजे गोळीच्या तोंडाकडे पाहिले की तिच्या कर्त्याचा हेतू कळतो. टोकदार तोंड लांब जाण्यासाठी, उमलणारे तोंड फाडण्यासाठी आणि सपाट तोंड मोजण्यासाठी. ज्या गोळीचा आकार केवळ प्रामाणिक मोजणीसाठी टिकून राहिला आहे, अशी ही एकच जात मला माहीत आहे.

काडतुसे दोन, भोके चौदा

मोजणीवरून चामोर्शीची एक जुनी गोष्ट आठवते. बँकेच्या सशस्त्र रक्षकांना वर्षातून एकदा पोलिसांच्या मैदानावर गोळीबाराचा सराव करावा लागे आणि शाखेच्या एका अधिकाऱ्याने सोबत जाऊन फॉर्मवर सही करायची असे. आमचे रक्षक फौजेतून निवृत्त झालेले हवालदार होते. हातात बाराबोरची दुनळी. त्यांनी दोन काडतुसे उडवली. बाराबोरच्या काडतुसात एक गोळी नसते, अनेक छर्रे असतात. कागदावर भोके मोजली तर चौदा. फॉर्ममध्ये एकच रकाना होता : 'अचूक मारे'. मी विचारले, "किती लिहू?"

"साहेब, काडतुसं दोन आहेत, भोकं चौदा आहेत. तुमच्या फॉर्मात जे बसते ते लिहा."

मी चौदा लिहिले. महिन्याभराने वरून विचारणा आली की दोन काडतुसांत चौदा अचूक मारे कसे, याचा खुलासा करावा. खुलासा लिहिताना कळले की आकडा खरा असून भागत नाही. तो कशाने पडला हे सोबत लिहावे लागते.

आज गडचिरोलीचे आकडे वाचताना मला तो फॉर्म आठवतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा झाला आणि त्याची पहिली चार दशके बंदुकीच्या सावलीत गेली. १९९० मध्ये पोलिसांचे सी-६० पथक उभे राहिले. दोन्ही बाजूंची माणसे गेली आणि मधल्या गावांतलीही गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवून मोकळा झाला. नक्षलवाद संपवण्यासाठी केंद्र सरकारने ३१ मार्च २०२६ ही मुदत घातली होती.

एकसष्ट हा आकडा महत्त्वाचा आहे, आनंदाचा आहे. पण ते कागदावरचे भोक आहे. ते कशाने पडले? पोलिसांच्या दबावाने? जंगलातल्या थकव्याने? रस्ता, मोबाइल आणि शाळा आल्याने? शस्त्रे ठेवावीत की नाही यावरून संघटनेत उघड मतभेद झाले होते, त्याने? बहुधा या सगळ्यांनी थोडे थोडे. पण कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वाचल्याशिवाय पुढचे धोरण ठरवले तर आपणही फॉर्मवर चौदा लिहून मोकळे होऊ. दबावाने पडलेले भोक दबाव कमी झाला की बुजू शकते. शाळेने आणि रोजगाराने पडलेले सहसा बुजत नाही. कागद उलटा करून मागच्या पाकळ्या पाहायला हव्यात. चेकची मागची बाजू न पाहता पैसे देणाऱ्या कॅशियरला बँकेत कोणी शहाणा म्हणत नाही.

जिल्ह्यात आता लोखंड आहे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडची खाण चालू आहे, मार्कंड्याच्याच चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलादाचा कारखाना आला आहे. त्यातून कामे मिळतील, तंटेही होतील. पण वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी पोराला केवळ नोकरीचे आश्वासन पुरत नाही. त्याला आपण कशात तरी चांगले आहोत हे कळायला लागते, आणि तेही कोणाच्या मेहरबानीने नव्हे, मोजून.

खेळते भांडवल

म्हणून माझी सूचना साधी आहे. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या आश्रमशाळांत व तालुक्याच्या गावी दहा मीटर एअर रायफलची सोय करावी. फार जागा लागत नाही; कित्येक आश्रमशाळांचे व्हरांडे दहा मीटरांहून लांब आहेत. मागे छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, पुढे आखलेली रेषा, दाराला कुलूप आणि एक प्रशिक्षित माणूस. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांची वाट पाहू नये. कागदाने सुरुवात करावी. कागद स्वस्त आहे आणि तो मुलाला स्वतःची चूक स्वतः वाचायला शिकवतो. भोके डावीकडे सरकली की पोरगी विचारते, का सरकली? हा प्रश्न विचारता येणे हेच अर्धे शिक्षण.

इथल्या मुलांच्या कुवतीची शंका कोणी घेऊ नये. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी 'मिशन शौर्य' मोहिमेत एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. स्वप्नील कुसाळेही राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून आलेला शिक्षकाचा मुलगा. सरकारी योजना नीट चालली तर काय होते, याची ही दोन्ही उदाहरणे आपल्यासमोर आहेत.

पण इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. आम्ही कारखान्याला दोन प्रकारची कर्जे देत असू. इमारत आणि यंत्रांसाठी सावधी कर्ज, आणि रोजच्या कच्च्या मालासाठी खेळते भांडवल. बुडालेले कितीतरी कारखाने मी पाहिले. त्यांतल्या बहुतेकांच्या भिंती भक्कम होत्या, यंत्रे नवी होती; फक्त कच्चा माल घ्यायला पैसा उरलेला नव्हता. आपल्याकडच्या क्रीडा संकुलांचा रोग हाच आहे. इमारतीला निधी मिळतो, कोनशिला बसते, आणि आत खेळायला लागणाऱ्या सामानाचा रकाना रिकामा राहतो.

नेमबाजीत हा रकाना मोठा आहे. एक मूल दिवसाला शंभर छर्रे मारते असे धरा. वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे तीस हजार छर्रे. डबीत पाचशे धरले तर एका मुलामागे साठ डब्या. दहा मुलांना सहाशे. एका कागदावर दहा नेम धरले तर एका मुलाला वर्षाला तीन हजार कागद. वरच्या स्पर्धांतले चांगले छर्रे बहुधा जर्मनीहून येतात. आणि हे कुठे? ज्या विदर्भात चंद्रपूरजवळ भद्रावतीला आणि नागपूरजवळ अंबाझरीला दारूगोळ्याचे सरकारी कारखाने आहेत, तिथे. तोफेचा गोळा बनवू शकणाऱ्या मुलखाला अर्ध्या ग्रॅमचा, सपाट तोंडाचा, एकसारख्या वजनाचा छर्रा बनवता येऊ नये असे मला वाटत नाही. तसे कोणी मागितले पाहिजे आणि त्यासाठी दरवर्षी पैसा ठेवला पाहिजे. मुलाचा सराव थांबू नये म्हणून स्वप्नीलच्या वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचे तेव्हा छापून आले होते. प्रत्येक बापाला ते जमत नाही, आणि गडचिरोलीच्या बापाला तर नाहीच.

यावर आक्षेप आहे, आणि तो मला जत्रेतच ऐकायला मिळाला. एटापल्लीकडचे एक जुने खातेदार भेटले, आता थकले आहेत. त्यांना ही कल्पना सांगितली तर ते बराच वेळ नदीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साहेब, आमच्या पोरानं बंदूक पाह्यली नाही असं एक गाव सांगा. आता आणखी कायले?"

मला पटकन उत्तर सुचले नाही. ज्याच्या दारात रात्री एक बंदूक जेवण मागायला आणि दिवसा दुसरी बंदूक चौकशीला आली, त्याला खेळाची बंदूक वेगळी असते हे पटवून देणे सोपे नाही. त्या भागात भरमार बंदुकाही घराघरात असत; गावकऱ्यांनी त्या पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या अलीकडे वाचल्या. बंदूक घरातून गेली म्हणून ज्या बाईला रात्री झोप लागते, तिच्या पोराच्या हाती पुन्हा नळी द्यायची का?

मी त्यांना शेवटी नातीचे दोन छर्रे दाखवले. एअर रायफलचा जोर मुद्दाम मर्यादित ठेवलेला असतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलपेक्षा कमी जोराच्या एअरगनला परवानाही लागत नाही. म्हणून ती खेळणे ठरत नाही. तिने डोळा जाऊ शकतो. शिस्तीशिवाय आणि देखरेखीशिवाय ती कोणाच्या हाती देऊ नये. छर्रा शिशाचा असतो, सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू देऊ नये. हे सगळे मान्य. पण ही बंदूक माणसाकडे रोखायची नाही, हा इथला पहिला धडा असतो. इथे घाई करणारा हरतो. श्वास आवरून, हृदयाचे दोन ठोके ओळखून, त्यांच्या मधल्या शांततेत बोट हलवायचे असते. ज्या पोराने बंदूक म्हणजे केवळ भीती किंवा केवळ सत्ता एवढेच पाहिले, त्याला तिच्या मागे उभे राहून स्वतःला आवरणे शिकवणारी ही दुसरी जागा आहे.

त्यांनी सपाट छर्रा अंगठ्यावर घोळवला. "मंग हे माराले नाही, मोजाले आहे म्हना," एवढेच म्हणाले. पटले असे ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारले नाही. ज्यांना नको असेल त्या गावात हे नेऊ नये. ग्रामसभेला विचारावे. तिथे धनुष्यबाण हवे असे ठरले तर धनुष्यबाण द्यावेत. मोजायला कागद तिथेही लागेलच.

एक गोष्ट मात्र शासनाला सांगावीशी वाटते. उद्या खरोखर असे केंद्र झाले, तर उद्घाटनाला कोण आले होते, फीत कोणी कापली, याचा तपशील वर्तमानपत्रांत छापून येईलच. शाखेची तपासणी करायला जात असे तेव्हा मी आधी तिजोरी उघडायला सांगत असे, फलक नंतर वाचत असे. तसे त्या केंद्रात कोणीतरी उद्घाटनानंतर वर्षाने जावे आणि दोनच गोष्टी पाहाव्यात. कपाटात छर्ऱ्यांच्या डब्या किती शिल्लक आहेत. आणि मुलांनी तारीख घालून जपून ठेवलेले कागद किती आहेत. कागदांची चळत मोठी असेल आणि त्यांवरची भोके महिन्यागणिक मध्याकडे सरकत असतील, तर काम चालले आहे असे खुशाल लिहावे. त्या फॉर्मवर सही करायला मी मार्कंड्याला पुन्हा येईन.